दोन अवसऱ्यांची एक रांग

संशय हा आमच्या घरातला वडिलोपार्जित गुण. पिंपळवंडीला आमची पाण्याची पाळी आली की वडील बारं धरून शेतात पाणी सोडायच्या आधी पाटाच्या कडेने पार वरपर्यंत चालत जाऊन यायचे, मधे कुणी पाट फोडला तर नाही ना ते बघायला. फोडलेला पाट त्यांना आयुष्यात एकदाही सापडला नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की मी जातो म्हणून सापडत नाही. आई पाहुण्यांनी आणलेली केळी देठाशी नाक नेऊन बघायची आणि मग आमच्या हातात द्यायची. अशा घरात मी वाढले. वर्गात कुणी माझी वही मागितली तरी ती कशाला हवी असेल याची तीन कारणं माझ्या डोक्यात आधी येत, आणि तिन्ही वाईट असत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याला कम्प्युटरचा डिप्लोमा करायला गेले. ते यंत्र मला पहिल्या आठवड्यातच आवडलं, आणि का आवडलं ते आता सांगायला हरकत नाही. कुणी काय केलं आणि किती वाजता केलं, हे ते लिहून ठेवतं. माणसाच्या तोंडाकडे बघत बसायची गरज नाही. मला वाटलं, हे आपल्या जातकुळीचं दिसतंय.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी नारायणगावात भाजीपाला खरेदी करणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली. कंपनी शेतकऱ्यांकडून माल घेऊन शहरातल्या दुकानांना पाठवायची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मिळून तिची सात केंद्रं होती. केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कम्प्युटर, एक टेलिफोन आणि त्या सगळ्यावर बसलेलं एक माणूस. शेतकऱ्याचा माल तयार झाला की केंद्रातून नारायणगावला प्रश्न यायचा, उद्या तोडा करू का? आमचे साहेब बाजाराचा अंदाज घेऊन उत्तर द्यायचे. हो असेल तर गाडी किती वाजता येईल तेही सांगायचे, नको असेल तर नको. उत्तर आल्याशिवाय कुणी तोडा करायचा नाही, कारण न विचारता तोडलेला माल कंपनी घेत नसे.

हे प्रश्न आणि ही उत्तरं इकडून तिकडे नेणारी सिस्टीम मी बनवली होती. अभिमान होता मला तिचा. गावोगावच्या टेलिफोन लाइनी तेव्हा दिवसातून चारदा मरायच्या, म्हणून मी सगळी रचना रांगेवर बसवली. केंद्राचा प्रश्न नारायणगावच्या मशीनमध्ये एका रांगेत येऊन पडे. साहेबांनी उत्तर दिलं की ते कुठं जायचं हे प्रश्नासोबतच आलेलं असे, पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो तसं. प्रत्येक केंद्राची उत्तरांची स्वतंत्र रांग होती आणि केंद्राचं नाव हेच त्या रांगेचं नाव. केंद्राने मोडेमवरून नारायणगावच्या मशीनला फोन लावला की त्याच्या रांगेत साठलेली उत्तरं तिकडे जात आणि इकडून पुसली जात. एकदा उचललेलं उत्तर पुन्हा मिळत नसे. शिवाय प्रत्येक प्रश्नाला एक नंबर होता, आणि उत्तरावर तोच नंबर असे. आपण न विचारलेल्या नंबरचं उत्तर आलंच, तर केंद्राच्या मशीनने ते गुपचूप फेकून द्यावं अशी एक ओळ मी लिहिली होती. कचरा साठू नये म्हणून.

केंद्रावरच्या माणसांना मी शिस्तही लावली होती. फोन दिवसातून तीनदाच लावायचा, दहाला, एकला आणि पाचला. एक प्रश्न एकदाच पाठवायचा. उत्तरासाठी ऑफिसात फोन करून विचारायचं नाही, नाहीतर सिस्टीम कशाला केली? हे मी जरा आवाज चढवूनच सांगत असे.

अवसरी खुर्दच्या केंद्रावर एक सून बसायची. बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, तिशीच्या आतली. डेअरीच्या शेजारची खोली होती. त्या घरातली कुणी बाई रोज सकाळी साडी नेसून बाहेर खुर्चीवर बसायला जातीय, हे तिच्या सासरी पहिल्यांदाच घडत होतं. ते तिने नवऱ्याला आणि सासऱ्याला किती दिवस समजावून मिळवलं होतं, हे माझ्या आत्याने मला सांगितलं होतं. आत्याचं सासर त्याच गावात. आमच्या घरात अवसरी म्हटलं की आत्याचं गाव, एवढाच अर्थ. दुसरी एक अवसरी आहे आणि तिथंही आमचं केंद्र आहे, तिला आम्ही नुसतं बुद्रुक म्हणायचो.

पहिली तक्रार आली ती फरसबीची. खुर्दचे एक शेतकरी ऑफिसात आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी मूठभर शेंगा काढून माझ्या टेबलावर टाकल्या. शेंगा जून झालेल्या, वाकवल्या तर मोडत नव्हत्या, दोर निघत होता.

"गाडी तुमची आली सातला," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हणतो, साहेबांनी हो सांगितलंय, माल कुठंय? माल झाडाला. मला कुणी सांगितलंच न्हाई. असं ह्या आठवड्यात दोनदा झालं. तिला म्हणावं, आमचं काय वाकडं असंल ते घरात काढ, शेंगांवर काढू नको."

"कुणाला म्हणू?"

"आमच्या सुनंला. चुलत. तुमच्या खुर्चीवर बसलीय ती."

मग सगळं कळलं. सुनेचे हे चुलत सासरे. विहिरीच्या पाळीवरून दोन घरांचं बोलणं चार वर्षं बंद. त्यामुळे हे तिच्याशी बोलत नसत. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डेअरीच्या माणसाहाती आत पाठवत आणि उत्तर बाहेरूनच ऐकत. समोर उभ्या असलेल्या माणसाला तिसऱ्याच्या मार्फत 'तिला म्हणावं' असं सांगायची त्यांना सवय झाली होती, आणि आता तो तिसरा माणूस मी होते.

मी मशीनवरची नोंद उघडली. उत्तर पाठवलं, तीन पन्नास. अवसरीने उचललं, चार पंधरा. दोन्ही दिवशी तसंच. म्हणजे उत्तर गेलं होतं, पोचलं होतं, आणि पुढे शेतकऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. यात न समजण्यासारखं काय होतं? बाकीच्यांची तक्रार का नाही, याचंही उत्तर माझ्याकडे लगेच तयार झालं. ती फक्त यांचंच उत्तर दाबते. टोमॅटो एक दिवस थांबतो आणि फ्लॉवरही थांबतो, थांबत नाही ती फरसबी, हा साधा हिशोब तेव्हा मला सुचला नाही. उत्तरं सगळ्यांचीच गहाळ होत होती, पण नुकसान दिसत होतं एकट्या फरसबीचं.

मी खुर्दला गेले. ती उभी राहिली. मी खुर्चीवर बसले आणि तिला उभीच ठेवली. हे मला आठवतं आणि लिहायला आवडत नाही.

"चार पंधराला उत्तर उचललंय. ते त्यांना का सांगितलं नाही?"

"मॅडम, चारला मी लावतच न्हाई. तुमी पाच सांगितलंय. मी पाचलाच लावते."

"मशीन खोटं बोलतं का?"

"ते मला काय माहीत. पण मी चारला लावत न्हाई."

तिने टेबलाच्या खणातून एक वही काढली. रेघा मारून तीन रकाने केलेले. तारीख, प्रश्न, उत्तर. अक्षर गोल आणि स्वच्छ. बऱ्याच ओळींच्या शेवटच्या रकान्यात उत्तराऐवजी 'वाट पाहिली' असं लिहिलेलं. मी पानं चाळली आणि माझ्या मनात काय आलं असेल? सगळं एकाच पेनाने लिहिलंय. खाडाखोड कुठंच नाही. एका बैठकीत बसून लिहून काढलं असणार. खरी वही इतकी सुबक नसते. मी वही मिटून तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "वही कुणीही लिहू शकतं." तिने वही परत खणात ठेवली.

त्या रात्री आत्याच्या घरी जेवताना मी विषय काढला. आत्या म्हणाली, "पोरगी तशी वाईट न्हाई, पण घर खुनशी. विहिरीवरून केवढं झालं व्हतं." मला 'खुनशी' एवढाच शब्द ऐकू आला. बाकीचं वाक्य मी ऐकलंच नसावं.

आठवडाभराने तिच्याकडून एक प्रश्न आला. प्रश्नाच्या खाली शेरा लिहायला एक मोकळी जागा मी ठेवली होती, ती कधी कुणी वापरत नसे. तिने तिथं लिहिलं होतं, मॅडम, मी काही दडवलेलं नाही. तुम्ही एकदा पाच वाजता इथं माझ्याजवळ बसून बघा. उत्तर कळवा.

मी तो शेरा तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा वाटलं, मी बसले असताना ती सगळं नीटच करून दाखवणार, हे तिलाही कळतं. तिसऱ्यांदा वाचताना माझी खात्रीच झाली, की हा डाव आहे. मी उत्तर पाठवलं नाही. शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर साहेबांनी दिलं, आणि शेरा तसाच राहिला.

मधे दोन-तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. मला वाटलं, घाबरली. मग पुन्हा तेच. चार दहा, चार वीस, चार पाच. अवसरीने उचललं. आणि पुन्हा फरसबी झाडावर.

मग आत्याचा फोन आला. गावातल्या चार माणसांनी भैरवनाथाच्या देवळात सुनेला बेलभंडारा उचलायला लावला होता. बेल आणि भंडारा हातात घेऊन, मी उत्तर दडवलेलं नाही, असं तिने देवासमोर सांगितलं. तिचा नवरा मान खाली घालून उभा होता म्हणे. त्यावर चुलत सासरे काय म्हणाले? "मग कंपनीचा कागद खोटा का, तेवढं तिला विचारा म्हणावं." कंपनीचा कागद म्हणजे माझी नोंद. ती मीच त्यांना छापून दिली होती.

आता हे ऐकून तरी मला शंका यायला हवी होती. आमच्याकडे बेलभंडारा कुणी उगाच उचलत नाही. पण संशयी माणसाची गंमत अशी, की त्याला सगळ्या जगाचा संशय येतो, फक्त स्वतः केलेल्या कामाचा येत नाही. वडिलांनी आयुष्यभर वरचा पाट तपासला, खाली आमच्याच वाफ्याला भगदाड होतं ते कधी बघितलं नाही.

साहेब म्हणाले, "तुम्ही जा. नोंदीचा कागद तिच्यापुढे ठेवा. 'उत्तर मिळालं होतं, सांगायचं राहिलं', एवढं लिहून सही घ्या आणि किल्ली परत घ्या. डेअरीवाला बसेल उद्यापासून." मी कागद घेतला. एवढी सही झाली की ती गावात कायमची लबाड ठरणार, तेही देवळात खोटी शपथ घेतलेली लबाड, हे मला कळत होतं. तिचं तिनं ओढवून घेतलंय, असंही मला वाटत होतं.

मंचरला उतरले आणि जीप शोधू लागले. एक जीपवाला ओरडत होता, "अवसरी, अवसरी, चला अवसरी." मी चढले. मागच्या बाजूला खताची पोती होती आणि त्यांच्यावर आम्ही सहा जणी. बाहेरचं काही दिसत नव्हतं. मी मनातल्या मनात सुनेला काय बोलायचं ते जुळवत होते. जीप थांबली, सगळ्या उतरल्या, मीही उतरले. समोर डेअरी नव्हती. एक पिठाची गिरणी होती.

"ही अवसरी ना?" मी जीपवाल्याला विचारलं.

"अवसरीच की, मॅडम."

"खुर्द?"

तो हसला. "खुर्दला जायचं व्हतं तर खुर्द म्हणायचं ना. ही अवसरी."

मी बुद्रुकला आले होते. चिडचिड झाली, पण गिरणीच्या शेजारीच आमचं केंद्र होतं. गिरणीवाले भाऊच ते चालवायचे. पन्नाशीचे गृहस्थ, भुवयांवर कायम पीठ. त्यांच्या केंद्राची कधी तक्रार नव्हती. मीटिंगमध्ये मी दोनदा त्यांचं उदाहरण दिलं होतं, बघा, बुद्रुकचं काम कसं चोख चालतं. उन्हातून आले होते, म्हटलं पाणी प्यावं आणि पुढं जावं.

"या मॅडम, या. फोन तरी करायचा," ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेले. मी त्यांच्या खुर्चीवर टेकले. समोर स्क्रीन चालू होता. वर कोपऱ्यात, जिथं केंद्राचं नाव येतं, तिथं इंग्रजीत लिहिलेलं होतं, अवसरी.

मला आधी वाटलं, मी चुकीचं वाचतेय.

"भाऊ, इथं केंद्राचं नाव काय टाकलंत तुम्ही?"

"गावाचं नाव. अवसरी. तुमीच फोनवर सांगितलं ना, नाव टाका आणि पुढं चला."

"पण ही बुद्रुक ना."

"ती त्यांच्यासाठी बुद्रुक," तांब्या पुढे करत ते म्हणाले. "आमची अवसरी हीच. त्यांची खुर्द."

पाणी तसंच राहिलं. नावाला मी आठच इंग्रजी अक्षरांची जागा ठेवली होती. पिंपळवंडी त्यात पूर्ण मावत नव्हती, नारायणगाव मावत नव्हतं, म्हणून ती अर्धवट नावं मला रोज दिसत आणि खटकत. अवसरी मात्र चपखल बसली होती. खुर्दचं नाव मी स्वतः बसवलं होतं, आमच्या घरातल्या सवयीप्रमाणे नुसतं अवसरी. बुद्रुकचं भाऊंनी बसवलं, त्यांच्या गावच्या सवयीप्रमाणे नुसतं अवसरी. दोन्ही गावांत आपली ती अवसरी आणि दुसऱ्याची ती खुर्द किंवा बुद्रुक. केंद्रं सात होती. उत्तरांच्या रांगा किती आहेत हे मी कधी मोजलंच नव्हतं. त्या सहा होत्या. साहेबांच्या स्क्रीनवर शेतकऱ्याच्या नावापुढे त्याचं पूर्ण गाव दिसायचं, ते वेगळ्या यादीतून यायचं, म्हणून गाड्या बरोबर गावी जात आणि कुणाला काही लक्षात येत नसे.

"भाऊ, फोन तुम्ही किती वाजता लावता?"

"दळण टाकलं की लावतो राव. तो आवाज मला लई आवडतो, कुंईऽऽ कुंईऽऽ. चारच्या सुमाराला तर लावतोच. उगं पाचपर्यंत कोण वाट बघणार? आन् उत्तर नाय आलं तर परत विचारतो, मग येतं."

"आणि हे खाली काय येतंय?" स्क्रीनच्या तळाला बारीक अक्षरात कालच्या फोनची एक ओळ होती. उत्तरं आली पाच, ठेवली दोन, फेकली तीन.

"ते रोज येतं. मला वाटलं, जुनं काय तरी असंल."

तिची उत्तरं इथं येत होती. भाऊ चारला फोन लावत, दोन्ही गावांची उत्तरं उचलत, त्यातली खुर्दची त्यांच्या मशीनला अनोळखी वाटत, आणि मी लिहिलेली ती ओळ त्यांना फेकून देई. पाचला ती फोन लावी तेव्हा रांग रिकामी. बुद्रुकची दुपारची लाइट जाई त्या दिवशी भाऊंना फोन लावता येत नसे, आणि त्याच दिवशी तिचं सुरळीत चाले. ती घाबरली म्हणून नव्हे. ज्याने माझा एकही नियम पाळला नाही त्याला मी मीटिंगमध्ये शाबासकी दिली. जिने सगळे पाळले तिला मी देवळात उभी केली.

मी भाऊंच्या मोडेमची वायर उपसून काढली आणि त्यांना म्हणाले, मला आत्ताच्या आत्ता खुर्दला सोडा. गिरणी तशीच सोडून त्यांनी मोटारसायकल काढली.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजायला थोडा वेळ होता. ती टेबलाशी बसली होती, किल्ली आधीच काढून टेबलावर ठेवलेली. मी कशाला येणार आहे, हे गावात कळलं होतं. डेअरीच्या पायरीवर पाच-सहा माणसं होती आणि त्यांत चुलत सासरेही होते. सही बघायला आले असणार.

मी खिशातला कागद काढलाच नाही. म्हणाले, "पाच वाजले की लावा फोन. मी बसते तुमच्याजवळ." ती माझ्याकडे बघत राहिली. मग घड्याळाकडे बघत बसली. बरोबर पाचला तिने फोन लावला. तीन उत्तरं आली, तिन्ही तिची. तिने ती वहीत उतरवली आणि दाराकडे न बघता मोठ्यांदा वाचली. "फरसबी, हो. उद्या सकाळी सातला गाडी."

पायरीवरून आवाज आला, "कळलं म्हणावं."

मग मी बाहेर येऊन सांगितलं. दोन अवसऱ्यांची उत्तरं एकाच रांगेत पडत होती. उत्तरं बुद्रुकला जात होती आणि तिथं फेकली जात होती. यांनी काही दडवलेलं नाही. कागदावर जे 'अवसरीने उचललं' असं छापलंय ती ही अवसरी नाही. चूक माझी आहे, माझ्या एकटीची. एवढं स्पष्ट मी आयुष्यात क्वचितच बोलले असेन.

मग चुलत सासऱ्यांनी मान वळवून मोटारसायकलजवळ उभ्या असलेल्या गिरणीवाल्या भाऊंकडे बघितलं.

"म्हंजी आमची उत्तरं बुद्रुकवाल्यांनी उचलली," ते म्हणाले.

"अहो, त्यांना माहीतच नव्हतं. चूक माझी आहे."

"ते खरं. पण उचलली त्यांनीच ना."

एकजण म्हणाला, "पाण्याचं पण असंच करत्यात." भाऊ बिचारे भुवयांवरचं पीठ पुसत उभे होते. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण माणसं पायरीवरून उठायला लागली होती. संशय तेवढा एका गावातून दुसऱ्या गावात गेला. तिच्यावरून उतरला, एवढ्यावर मी समाधान मानलं.

माणसं पांगल्यावर मी आत आले. ती अजून खुर्चीवरच बसली होती, मी उभी होते. त्या दिवशी हे मला बरोबर वाटलं. मी म्हणाले, "माझं चुकलं." ती म्हणाली, "असूं द्या." मग बराच वेळ वहीची पानं मागे-पुढे करत राहिली. मी नवं नाव टाकून दिलं, इंग्रजीत खुर्दची चार-पाच अक्षरं. ते बघून ती जराशी हसली आणि म्हणाली, "घरात सांगू नका हं, आमाला नावात खुर्द केलं म्हणून." मीही हसले. तिचा राग मला कुठंच सापडत नव्हता, आणि सवयीप्रमाणे मी तोही शोधत होते.

निघताना तिने विचारलं, "मॅडम, मी एकदा शेऱ्यात लिहिलं व्हतं तुमाला. पाच वाजता येऊन बघा म्हणून."

"हो. वाचलं होतं मी."

"मी रोज बघायची, तुमचं उत्तर आलं का. मग आत्ता तुमी सांगितलं तवा ध्यानात आलं. तेपण तिकडंच गेलं असंल."

तिचा चेहरा मोकळा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यावर काही शोधलं नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं.

"हो," मी म्हणाले. "तिकडंच गेलं."

तिने मान डोलावली. वहीतलं मागचं एक पान काढलं. त्या तारखेच्या ओळीत मधल्या रकान्यात 'मॅडमना विचारलं' असं होतं आणि शेवटच्या रकान्यात 'वाट पाहिली'. तिने 'वाट पाहिली' वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी तिच्या त्या गोल अक्षरात लिहिलं, उत्तर पाठवलं होतं, बुद्रुकला गेलं.

पुढे हंगाम संपला तसं कंपनीने ते केंद्र बंद केलं. मी पुण्याला गेले आणि मोठमोठ्या सिस्टीममध्ये हेच काम करत राहिले. आता माझ्या सिस्टीममधलं कुठलंही अनोळखी उत्तर फेकलं जात नाही, बाजूला ठेवलं जातं, आणि ते कुणाचं ते मी शोधून काढते. वही तिच्याकडेच असेल, ती वस्तू टाकणाऱ्यांतली नव्हती. मी जिला खोटी म्हणाले त्या वहीतली प्रत्येक ओळ खरी होती. एकच नोंद खोटी आहे, आणि ती तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून केली.